इन्फ्रारेड सौना : सोलापूरच्या हवेत गुडघेदुखीसाठी कितपत उपयोगी?

जुळेसोलापूरकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या यजमानांनी ३१ वर्षे यंत्रमागावर काम केले. पाळीभर फरशीवर उभे राहायचे, तुटलेला धागा जोडायला वाकायचे आणि पुन्हा उभे राहायचे, या कामात त्यांचे गुडघे आणि कंबर दोन्ही वयाच्या आधीच थकले. आता ते ६२ वर्षांचे आहेत. सकाळी उठल्यावर पहिली वीस मिनिटे त्यांना भिंतीचा आधार घेतल्याशिवाय चालता येत नाही, आणि जिना उतरताना तर प्रत्येक पायरीला कळ लागते.

दिवाळीत आम्ही पुण्याला मुलाकडे गेलो होतो. सुनेने त्यांना तीन वेळा एका इन्फ्रारेड सौनामध्ये नेले. लाकडी खोलीत पंचवीस मिनिटे बसून भरपूर घाम आला आणि त्या दिवशी संध्याकाळी ते कठड्याला हात न लावता जिना उतरले. रात्री झोपही शांत लागली. इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर तो सुटकेचा भाव मी क्वचित पाहिला आहे, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी केवळ कुतूहलाचा नाही.

मुलाच्या मनात आम्हाला घरी एका माणसापुरती केबिन घेऊन द्यायची आहे. आम्हाला सांगितलेली किंमत सव्वा लाखाच्या पुढे आहे. विक्रेत्याच्या पत्रकात असे लिहिले आहे की हे किरण शरीरात चार सेंटीमीटर खोल जातात, विषद्रव्ये घामावाटे बाहेर टाकतात, वजन उतरवतात आणि हृदय बळकट करतात. यातले खरे किती? यजमान रक्तदाबाची गोळी घेतात. मला १४ वर्षांपासून मधुमेह आहे, तर मी त्यात बसावे का? आणि ज्या गावात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर असतो, त्या गावात गरम खोली विकत घेणे शहाणपणाचे ठरेल का? अनुभवी आणि जाणकार मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

वर्णपट यांचा प्रतिसाद

ताई, मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले आहे, त्यामुळे किरणांविषयी जे लिहिले आहे तेवढ्याचेच उत्तर देतो. आरोग्याचे जाणकार पुढे लिहितीलच.

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, तापमापक ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. तेच हे अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरण. आपल्याला त्यांची ओळख तापमापकावाचूनही आहे. मे महिन्यात रात्री दहा वाजता पश्चिमेच्या भिंतीजवळ उभे राहिले की गालाला जी धग लागते, ती हवेची नसून दिवसभर तापलेल्या भिंतीतून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांची असते. बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवलेल्या शेगडीची ऊबही बऱ्याच अंशी हीच. फिनलंडच्या पारंपरिक सौनामध्ये दगड तापवून आधी हवा ८० ते १०० अंश सेल्सियसपर्यंत नेतात आणि ती हवा माणसाला तापवते. इन्फ्रारेड केबिनमध्ये सिरॅमिकच्या नळ्या किंवा कार्बनच्या पट्ट्या थेट अंगावर धग टाकतात, त्यामुळे हवा ४५ ते ६० अंशांवर असली तरी घाम येतो आणि नाकातोंडाला चटका बसत नाही. ज्यांना वाफेच्या खोलीत कोंडल्यासारखे होते, त्यांना ही केबिन म्हणूनच सुसह्य वाटते, आणि तो फायदा खरा आहे.

चार सेंटीमीटरचा दावा मात्र मान्य करता येत नाही. या केबिनमधील किरण मुख्यतः लांब तरंगलांबीचे असतात, आणि असे किरण त्वचेच्या वरच्या, मिलिमीटरहूनही पातळ थरातच शोषले जातात. तांबड्या रंगाला लागून असलेले किरण थोडे अधिक आत जातात, पण तेही काही मिलिमीटर. मग गुडघ्याला आतून ऊब का जाणवते? कारण तापलेल्या त्वचेखालून वाहणारे रक्त ती उष्णता अंगभर वाहून नेते. म्हणजे परिणाम होतो, फक्त त्याचे कारण पत्रकात चुकीचे सांगितले आहे.

विजेविषयी एक व्यवहारातली गोष्ट. एका माणसाची केबिन साधारण दीड ते दोन किलोवॅटची असते. १.८ किलोवॅटची केबिन तापवण्यासह पाऊण तास चालली तर सुमारे १.३५ युनिट वीज लागेल. त्यामुळे बिलापेक्षा काळजी वायरिंगची करावी. साध्या पाच ॲम्पियरच्या बोर्डावर ती लावू नये. स्वतंत्र वायर, योग्य एमसीबी (भार वाढताच वीज तोडणारी कळ) आणि उत्तम अर्थिंग आधी करून घ्यावे. घामाने ओल्या झालेल्या माणसाच्या बाबतीत यात तडजोड नको.

फिजिओ होटगीरोड यांचा प्रतिसाद

नमस्कार काकू. माझ्याकडे येणाऱ्यांत यंत्रमाग कामगार आणि विडी वळणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात, त्यामुळे काकांचे दुखणे मला चांगले परिचयाचे आहे. त्यांना मिळालेला आराम हा भास नव्हे, हे मी सर्वप्रथम लिहितो. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैलावतात, सांध्याभोवतीचे बंध अधिक सहज ताणले जातात आणि वेदनेची जाणीव काही काळ बोथट होते. आपल्या घरांत मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक देतात तो याच कारणासाठी, आणि चरकसंहितेत स्वेदनाचा एक स्वतंत्र अध्याय आहे, ज्यात तापवलेल्या खोलीत बसवून घाम काढण्याचा जेन्ताक नावाचा प्रकार वर्णिलेला आहे.

इन्फ्रारेड सौनाचा सांधेदुखीवर झालेला एक छोटा अभ्यास नेदरलँड्समधला आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संधिवाताभ म्हणजे आमवाताचे १७ आणि मणक्याच्या ताठरपणाचा दाहक आजार असलेले १७ रुग्ण चार आठवड्यांत आठ वेळा सौनामध्ये बसले. बसल्यावर वेदना आणि ताठरपणा दोन्ही कमी झाले, रोग बळावला नाही. परंतु चार आठवड्यांनंतर टिकाऊ असा ठळक फरक उरला नाही. काकांचे दुखणे बहुधा झिजेचे असेल, म्हणजे आजार वेगळा, तरी माझा रोजचा अनुभव याच दिशेचा आहे. शेकाने काही तास मोकळे मिळतात.

त्या काही तासांचे तुम्ही काय करता, यावर सारे अवलंबून आहे. झिजलेल्या गुडघ्याला खरा आधार मांडीच्या पुढच्या स्नायूचा असतो. ताठरलेल्या गुडघ्याने व्यायाम करताना दुखते, दुखते म्हणून माणूस व्यायाम सोडतो, स्नायू आणखी रोडावतो आणि गुडघ्यावर आणखी भार येतो. सौनामधून बाहेर आल्यावर अर्धा तास विसावा घेऊन, पाणी पिऊन, काकांनी पलंगावर पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली सोलापुरी टॉवेलची गुंडाळी घ्यावी आणि ती गुडघ्याने खाली दाबून दहा आकडे मोजावेत, असे प्रत्येक पायाने दहा वेळा. मग खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, जेवढे सहज जमेल तेवढेच. एवढे नियमित झाले तर सौनाचा पैसा वाया गेला असे मी म्हणणार नाही. नुसते बसून घाम काढायचा असेल, तर तोच आराम शेकाच्या पिशवीनेही पुष्कळसा मिळतो.

ज्या दिवशी गुडघा सुजून हाताला गरम लागत असेल, त्या दिवशी कोणताही शेक नको.

डॉक्टर पूर्वभाग यांचा प्रतिसाद

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मी उरलेल्या दाव्यांविषयी आणि धोक्यांविषयी लिहितो.

घाम म्हणजे जवळजवळ सगळे पाणी आणि थोडे मीठ. त्यात इतर द्रव्यांचे अंश सापडतात, पण शरीर स्वच्छ ठेवण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घाम हा अंग थंड ठेवण्यासाठी असतो. वजनकाट्यावर दिसणारी घट ही गेलेल्या पाण्याची असते आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर ती भरून निघते, किंबहुना निघायलाच हवी.

हृदयाविषयी थोडे सावकाश लिहावे लागेल, कारण इथे गोष्ट पूर्ण खोटी नाही. पत्रकांमधून ज्याचा हवाला दिला जातो तो फिनलंडमधील अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात २,३१५ मध्यमवयीन पुरुषांकडे सुमारे वीस वर्षे लक्ष ठेवले गेले, आणि आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत अचानक हृदयक्रिया बंद पडून मृत्यू येण्याचे प्रमाण एकदाच घेणाऱ्यांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु तो सौना पारंपरिक, फार गरम होता, आणि जो रोज सौनामध्ये बसू शकतो तो मुळातच अधिक धडधाकट असण्याची शक्यता अशा निरीक्षणातून पूर्णपणे वगळता येत नाही. इन्फ्रारेडचे खरे काम जपानमधले आहे. तिथे चुवा तेई यांनी हृदय दुर्बळ झालेल्या रुग्णांसाठी ‘वाओन’ नावाची पद्धत विकसित केली : ६० अंशांच्या केबिनमध्ये पंधरा मिनिटे, मग बाहेर पांघरूण लपेटून अर्धा तास पडून राहणे, आणि घामावाटे गेले तेवढे पाणी पिणे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १४९ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत हृदयावरील ताण दाखवणाऱ्या मुख्य रक्तचाचणीत वाओन घेतलेला आणि न घेतलेला या दोन गटांत एकमेकांच्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही, मात्र वाओन घेतलेल्या गटाची चालण्याची क्षमता सुधारली. हे सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते. त्याच्या बळावर घरातल्या केबिनला हृदयाचे औषध म्हणणे योग्य नाही.

काकांच्या गोळीचे नाव त्यांच्या डॉक्टरांना दाखवून मगच सुरुवात करावी. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाबाच्या काही गोळ्याही तेच करतात आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी कमी करतात. हे सगळे एकत्र आले की उठताना भोवळ येते. केबिनमधून झटकन उभे राहू नये, आधी दोन मिनिटे पाय खाली सोडून बसावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, हृदयाची झडप फार अरुंद झालेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ही केबिन टाळावी. ज्या तरुण जोडप्याला मूल हवे आहे त्यातील पुरुषानेही टाळावी, कारण उष्णतेने शुक्रजंतूंची संख्या काही महिने घटू शकते. मुलाला हे अवश्य सांगा.

तुमच्या मधुमेहाविषयी माझे मत अधिक सावध आहे. तुम्ही इन्सुलिन घेत असाल तर टोचलेली जागा तापल्याने ते रक्तात लवकर उतरते आणि साखर अचानक खाली येऊ शकते. तळपायाची संवेदना तपासून घेतल्याशिवाय बसू नका.

अक्कलकोटरोड यांचा प्रतिसाद

डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्याला माझ्या घरचा अनुभव जोडतो. आमच्या आईला वीस वर्षे मधुमेह होता. थंडीत पाय गार पडतात म्हणून तिने गरम पाण्याची पिशवी पायाशी घेतली आणि तिला झोप लागली. सकाळी टाचेला मोठा फोड आलेला होता, आणि तिला रात्रभर काहीच जाणवले नव्हते. ती जखम भरायला साडेतीन महिने लागले. काकू, केबिनमध्ये पोटऱ्यांच्या मागे आणि पायांखालीही पट्ट्या असतात. कृपया आधी पाय तपासून घ्या.

जुळेसोलापूरकर यांचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. पाय उद्याच तपासून घेते. तळव्यांना मुंग्या येतात हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. केबिन आता फक्त यजमानांसाठीच, हे ठरले. उन्हाळ्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र राहिले आहे. शिवाय आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्याचाही विचार करावा लागतो.

फिजिओ होटगीरोड यांचा प्रतिसाद

पाण्याच्या बाबतीत ही केबिन वाफेच्या खोलीपेक्षा सोयीची आहे, कारण तिला स्वतःला पाणी लागतच नाही. घाम टिपायला दोन टॉवेल, बाकावर अंथरायला एक, आणि शेवटी एक बादली कोमट पाणी पुरते. प्यायला मात्र हात आखडता घेऊ नये.

उन्हाळ्याचा मुद्दा मला खरेदीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तापलेल्या अंगाला नंतर निवायला जागा हवी. फिनलंडमध्ये माणूस बाहेर पडतो तो थंड हवेत. आपल्याकडे मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत मध्यरात्रीसुद्धा भिंती धगधगत असतात, तिथे बाहेर येऊनही घाम थांबत नाही, शोष पडतो आणि नाडी लवकर खाली येत नाही. मार्चच्या मध्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंत केबिन बंद ठेवावी असाच माझा सल्ला आहे, आणि सुदैवाने त्या दिवसांत ताठरपणाची तक्रारही अनेकांची थोडी कमी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिचा खरा हंगाम, आणि पावसाळी, दमट दिवसांत अधूनमधून. म्हणजे सव्वा लाखाची वस्तू वर्षातून पाच-सहा महिने वापरात राहील, हे धरून हिशेब करावा.

त्यामुळे लगेच विकत घेऊ नका. गावात किंवा पुण्यात जिथे मिळेल तिथे या थंडीत काकांना आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटांपासून सुरुवात करून, सहा आठवडे न्या आणि त्या प्रत्येक दिवशी वर लिहिलेला व्यायाम करून घ्या. एका वहीत सकाळी भिंत सोडायला किती मिनिटे लागली ते रोज लिहा. संक्रांतीनंतर ती वही घेऊन माझ्याकडे किंवा तुमच्या डॉक्टरांकडे या. वीस मिनिटांची दहा झालेली दिसली, तर केबिन कुठल्या खोलीत ठेवायची ते आपण मिळून पाहू.