१८८३ साली बुडालेल्या ‘सिम्ब्रिया’चे प्रवासी इथे बसून कसे शोधायचे?

तापीकाठ (भुसावळ):
राम राम मंडळी. एम.ए.च्या प्रबंधासाठी ‘सिम्ब्रिया’ या जर्मन आगबोटीवरचे स्थलांतरित शोधते आहे. १८ जानेवारी १८८३ ला ती हॅम्बुर्गहून न्यूयॉर्ककडे निघाली. १९ तारखेच्या पहाटे बोर्कुम बेटाजवळ धुक्यात ‘सुलतान’ या ब्रिटिश आगबोटीशी टक्कर झाली आणि ४३७ माणसं गेली. न्यूयॉर्कच्या आगमन याद्या चाळल्या, त्यांत काहीच नाही. जर्मन बेताचं येतं. जर्मनीला न जाता कुठवर पोहोचता येईल?

मोडीवाले नाना (धुळे):
ताई, न्यूयॉर्कच्या याद्या बंद करा. ती यादी बंदरात पोचल्यावर कप्तान कस्टम्सकडे द्यायचा. बोट पोचलीच नाही, मग यादी कुठून येणार? ‘जर्मन्स टू अमेरिका’सारखे खंड आगमन याद्यांवरूनच झालेत, त्यामुळे तेही इथे कामाचे नाहीत.

निघण्याच्या टोकाला शोधा. बोट हॅम्बुर्गची होती हे फार बरं झालं. ब्रेमेन या दुसऱ्या जर्मन बंदराने १८७५ पासून जुन्या याद्या जागेअभावी नष्ट केल्या आणि पुढच्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. हॅम्बुर्गच्या १८५० ते १९३४ च्या याद्या मात्र तिथल्या राज्य अभिलेखागारात आहेत, दप्तर क्रमांक ३७३-७ एक. अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या सशुल्क संकेतस्थळावर त्यांची पानं दिसतात. वर्गणी महिन्याची घ्या आणि त्या महिन्यात सगळी पानं उतरवून ठेवा.

याद्या दोन प्रकारच्या: थेट जाणाऱ्यांची आणि मधल्या युरोपीय बंदरात बोट बदलणाऱ्यांची. तुमची थेट यादीत, निघाल्याच्या तारखेला. नावाने शोधत बसू नका, बोटीच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने वाचा. सूचीत आडनावं फक्त पहिल्या अक्षरावर लावलेली असतात आणि आजच्या डिजिटल सूचीत वाचनाच्या चुका भरपूर. शिवाय ओळीने वाचलं की एका गावची माणसं शेजारी-शेजारी सापडतात, हा फायदा मोठा आहे.

यादीत नाव, वय, धंदा, शेवटचं राहतं गाव आणि कुठे जाणार ते मिळतं. पण ती यादी बोट सुटण्याआधीची, म्हणून यादीत नाव आहे एवढ्यावर माणूस बुडाला असं लिहू नका. काही जण चढलेच नसतील. वाचलेला माणूस पुढे दुसऱ्या बोटीनेही गेला असेल, तेव्हा पुढच्या काही महिन्यांच्या याद्यांत तेच नाव, वय, गाव जरूर बघा.

अमळनेरकर:
अक्षराबद्दल लिहितो. या याद्या कुरेंट म्हणजे जुन्या जर्मन हस्ताक्षराच्या वळणात आहेत. छापील जर्मन येणाऱ्यालाही ते वाचता येत नाही, जशी देवनागरी येणाऱ्याला मोडी. ‘ई’ (e) आणि ‘एन’ (n) सारखेच दिसतात. ‘यू’वर (u) छोटी बाकदार खूण असते, त्यावरून तो ‘एन’पासून वेगळा काढायचा. आधी त्याच कारकुनाने लिहिलेले ओळखीचे शब्द धरा: हॅम्बुर्ग, न्यूयॉर्क, शेतकरी, मजूर. त्यांवरून त्याच्या हाताची मुळाक्षरं कागदावर उतरवा, मग आडनावांना हात घाला. ट्रान्सक्रिबस हे हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर मदत करतं, पण विशेषनामांवर त्याचा भरवसा धरू नका.

गावं पूर्व प्रशियाची (तेव्हाच्या जर्मनीचा पूर्वेकडचा प्रांत) असली तर आज ती पोलंड, रशिया किंवा लिथुआनियात, बदललेल्या नावाने सापडतील. मायर्सचा जर्मन गावांचा १९१२ चा स्थलकोश जालावर फुकट आहे. एकाच नावाची अनेक गावं असतात, म्हणून जिल्हा ठरल्याशिवाय गाव नक्की करू नका.

पारोळा_ग्रंथालय:
वर्तमानपत्रांसाठी जर्मन डिजिटल ग्रंथालयाचं वृत्तपत्र-दालन आणि ऑस्ट्रियाचं जुन्या वर्तमानपत्रांचं संकेतस्थळ ‘आनो’, दोन्ही फुकट. फ्राक्टुर या जुन्या जर्मन छापील वळणात संगणक ‘सी’ला ‘ई’ आणि ‘एस’ला ‘जी’ वाचतो, तेव्हा Cimbria आणि Sultan यांच्याऐवजी Eimbria आणि Gultan असंही टाकून बघा. शोध दुर्घटनेच्या आठवड्यापुरता ठेवू नका. सुरुवातीच्या तारांत नावं मोडतोड होऊन येतात, दुरुस्त्या नंतर छापल्या जातात.

तक्ता करताना एका माणसाला एक ओळ नको, एका उल्लेखाला एक ओळ ठेवा: मूळ स्पेलिंग जसंच्या तसं, तुमचं वाचन शेजारच्या रकान्यात, मग वय, गाव, पान आणि तारीख. एकत्रीकरण शेवटी. आधीच जुळवलं तर दोन नावबंधू एक होऊन बसतात, आणि मग ते सोडवणं अवघड.

तापीकाठ:
मृत्यूनोंदी मिळतील का? आणि चौकशीचे कागद?

मोडीवाले नाना:
प्रशियात (जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्यात) नागरी नोंदणी ऑक्टोबर १८७४ पासून, साऱ्या जर्मनीत १८७६ पासून. पण मृतदेह नसला तर नेहमीची नोंद होत नाही. तिथे स्थानिक कोर्टाची बेपत्ता व्यक्तीला हजर होण्याची जाहीर नोटीस शोधा, वारसाहक्काच्या वेळी ती निघायची, कधी कित्येक वर्षांनी. किनाऱ्याला लागलेल्यांसाठी त्या-त्या गावच्या चर्चच्या दफनवह्या.

समुद्री अपघातांच्या चौकशीचा कायदा १८७७ चा, निकाल छापले जात. त्यांत दिवे, वेग, भोंगे आणि अधिकाऱ्यांचं वर्तन मिळेल. खालच्या डेकवरच्या कुटुंबांची नावं तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.