बाळ आणि आपण एकाच पट्ट्यात नको

ताई, विमानात बाळाला ओढणीनं पोटाशी बांधून दोघांवरून सीटचा एकच पट्टा लावा, असं कुणीतरी तुम्हाला सुचवलंय. तसं अजिबात करू नका! झटका बसला की आपलं सारं वजन बाळावर येते, पट्टा त्याच्या पोटात रुततो. दोन वर्षांखालच्या लेकरासाठी विमानात वेगळा छोटा पट्टा मिळतो, मागून घ्या. त्याच्या कडीतून आपला पट्टा ओवायचा, मग तो छोटा पट्टा बाळाच्या कमरेला लावायचा. स्वतंत्र सीट अन् विमानात चालणारी कार सीट जमली तर सगळ्यात सुरक्षित.

राळेगावाकडून नागपूर विमानतळ गाठेपर्यंत लेकरू गाडीतच पोटभर पिऊन घेते. थोडी भूक राखा. विमान खाली यायला लागलं की उठवून पाजा, गिळल्यानं कानाचे दडे सुटतात. सर्दी असेल तर निघायच्या आधी डॉक्टरला नक्की दाखवा.