पीएचडी झाली, तासिका सोडायच्या आहेत. नागपुरातच दुसरं काय काम मिळेल?

त्रिमूर्तीनगर

नमस्कार. नागपूर विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएचडी केली. विषय भूजलातलं फ्लोराइड, नमुने यवतमाळ जिल्ह्यातल्या हातपंपांचे. सेटही (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) झाली आहे. सध्या तासिका तत्त्वावर शिकवते. सुट्ट्यांत तासिका नाहीत म्हणून मानधन नाही, आणि जे असतं ते सत्र संपल्यावर कधीतरी हाती पडतं. मुलं समोर बसली की शिकवायला मनापासून आवडतं, त्यामुळे हे सोडायचं म्हटलं की पोटात तुटतं. पण असं किती वर्षं चालवायचं?

आई एकटी आहे, म्हणून पुणे-हैदराबाद सध्या नको. कंपन्यांत अर्ज केले तर कोणी म्हणतं शिक्षण जास्त, कोणी म्हणतं अनुभव नाही. बायोडाटात अर्धी जागा शोधनिबंधांनीच खाल्ली आहे. या वाटेनं गेलेलं कोणी आहे का इथे?

हिंगणा रोड

ताई, मीही तासिका करूनच इकडे आलो. पीएचडी मातीतल्या जड धातूंवर होती, आता एका खाजगी पर्यावरण प्रयोगशाळेत आहे. तुमच्या विषयाला विदर्भात काम आहे, हे आधी मनात पक्कं करा. कोळसा, मँगनीज, चंद्रपूरकडचं सिमेंट, औष्णिक वीज, सगळं आपल्या आजूबाजूलाच आहे. मोठी खाण नव्यानं काढायची किंवा वाढवायची म्हटली की २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठी पावसाळा सोडून एका हंगामाची हवा, पाणी, माती, आवाज यांची मोजणी करावी लागते. अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार संस्थेला नॅबेटची (अशा संस्था तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता लागते, आणि त्या मान्यतेसाठी विषयवार तज्ज्ञ दाखवावे लागतात. जलप्रदूषण आणि भूजल हे त्यातलेच विषय.

माझ्या मुलाखतीत शोधनिबंधांवर एकही प्रश्न आला नाही. मॅडमनी पाण्याचा एक जुना रिपोर्ट पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "यावर सही कराल का?" पाहतो तर टीडीएसचा (विरघळलेल्या क्षारांचा) आकडा चालकतेच्या (पाणी वीज किती वाहून नेतं त्या) आकड्यापेक्षा मोठा! साध्या बोअरच्या पाण्यात तो साधारण अर्धा ते पाऊण पट असतो. मग तिथेच कागदावर धन आणि ऋण आयनांची मिलीइक्विव्हॅलंटमध्ये (विद्युतभाराच्या हिशेबात) बेरीज केली; दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात, त्याही जुळेनात. "सही करणार नाही, नमुना परत लावा," म्हटलं. नोकरी तिथेच लागली. हे तुम्हालाही येतं, कारण प्रबंधात तुम्ही हेच केलं असणार.

म्हणून बायोडाटा दोन पानांवर आणा आणि निबंधांची यादी शेवटी दोन ओळींत संपवा. 'भूजलातील फ्लोराइडचा भूरासायनिक अभ्यास' एवढ्यानं समोरच्याला काही कळत नाही. फ्लोराइड मोजणारा आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड स्वतः चालवला, त्यासाठी नमुन्यात मिसळायचं टिसॅब द्रावण स्वतः बनवलं, अचूकता तपासायला ब्लँक, डुप्लिकेट, स्पाइक रिकव्हरी ठेवली, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या, म्हणजे आयएस १०५०० च्या, मर्यादांशी (फ्लोराइड १ मिग्रॅ प्रति लिटर, दुसरा स्रोत नसेल तर १.५) निकाल ताडून पाहिले, असं लिहा. आयएसओ १७०२५ हे चाचणी प्रयोगशाळांचं मानक वाचून जा. एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची प्रयोगशाळांना मान्यता त्यावरच मिळते आणि प्रयोगशाळेचा निम्मा जीव त्या कागदपत्रांत असतो.

सुरुवातीचा पगार मोठा नसतो आणि मे महिन्यात वणी-घुग्घुसकडे नमुन्यांना जावं लागतं. मुलाखतीत तुम्हीही एक विचारा: ग्राहकाला आकडा आवडला नाही तर पुढे काय होतं? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर ती जागा कितीही गरज असली तरी घेऊ नका. त्या पाण्यावर गावं जगतात.

धंतोली

आणखी एक वाट, पेटंटची. पेटंट एजंटची (दुसऱ्यांसाठी पेटंटचे अर्ज करणाऱ्याची) परीक्षा विज्ञान पदवीवर देता येते. दोन लेखी पेपर आणि तोंडी. प्रत्येक पेपरात ५० टक्के आणि एकूण ६० टक्के लागतात. रसायनवाल्यांना मसुदा लिहिणं आणि आधीचं संशोधन शोधणं जमतं, आणि बाहेरगावच्या फर्मचं बरंच काम घरून होतं. आई एकटी आहे म्हणता, तर हा विचार नक्की करा. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच आहे; तिथल्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.

त्रिमूर्तीनगर

दोघांचेही मनापासून आभार. पेटंटचा अभ्यास संध्याकाळी सुरू करता येईल. प्रयोगशाळेबद्दल एक अडचण आहे: कच्च्या नोंदींच्या वह्या विभागात जमा आहेत, सरांकडे मागायला संकोच वाटतो.

हिंगणा रोड

मागा. वह्या तिथेच राहू द्या, कॅलिब्रेशनच्या (उपकरण प्रमाणित द्रावणांवर ताडून पाहिल्याच्या) चार-दोन पानांचे फोटो सरांना विचारून घ्या. मुलाखतीत दाखवायला तेवढे पुरे. आणि उशीर नको. आमच्याकडे मार्च ते मेच्या मोजणीसाठी माणसं जानेवारी-फेब्रुवारीतच घेतात.