शब्दचर्चा: दांडपट्ट्याचं मॉड आणि मूठ-परज-खोबळ्याचा घोळ

शहापूर-गल्ली
स्कायरिम या व्हिडिओ गेमच्या स्पेशल एडिशनसाठी दांडपट्ट्याचं मॉड, म्हणजे गेममध्ये वरून घालायची भर, करायलागलेय. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं मॉडेल उभं राहिलंय, अडलंय ते शब्दांवर. हिल्ट, ग्रिप, गार्ड, पॉमेल या चारींना आपल्याकडं सरसकट ‘मूठ’च म्हणतात. मॉडच्या माहितीच्या पानावर ते चालणार नाही, कारण मॉडेलचे भाग वेगवेगळे आहेत आणि रंगही वेगळे भरलेत. आणखी दोन शंका. गेममध्ये सहाणेच्या चाकावर शस्त्र सुधारतात त्याला ‘पाणी देणे’ म्हणावं का? आणि जादू भरलेल्या शस्त्राला काय म्हणावं?

खानापूरकर
ताई, मूठ म्हणजे अख्खी हिल्ट, तो शब्द तिथंच ठेवा. हाताची बोटं बसतात ती जागा ‘पकड’. बोटांच्या पुढं वाकून येणारी, हाताचं रक्षण करणारी लोखंडी पट्टी ती ‘परज’. वरच्या टोकाला थाळीसारखी चकती असते ती ‘वाटी’. ही झाली तलवारीची मूठ.

पण तुम्ही दांडपट्टा करताय, आणि त्याला परज नसतेच. तिथं कोपराच्या अलीकडंपर्यंत हात झाकणारं लोखंडी कवच असतं, त्याला ‘खोबळा’ म्हणतात. खोबळ्याच्या आत आडवी मूठ असते, ती मुठीत धरायची. पातं हाताच्या सरळ रेषेत पुढं निघतं. म्हणून ‘पट्ट्याची परज’ लिहिलंत तर जाणकार पहिल्याच ओळीत हसतील.

पात्यावर लांब खोलगट रेघ असते तिला ‘पन्हळ’ म्हणा. रक्त वाहून जायला ती केलेली असते ही समजूत खोटी आहे. पन्हळीमुळं पात्याचं वजन घटतं, ताठपणा फारसा जात नाही, एवढंच. मॉडेलमध्ये ती कोरत बसू नका, नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात, काढा. लांबून फरक दिसत नाही आणि मॉडेल ज्या त्रिकोणांचं बनतं ते वाचतात. मुठीत शिरणारं पात्याचं शेपूट तर काढूच नका, ते कुणालाच दिसत नाही.

निपाणी-मॉड
खोबळ्यावरून आठवलं, पहिल्या चाचणीत सगळे इथंच अडकतात. गेममध्ये शस्त्र पात्राच्या सांगाड्यातल्या, मनगटाच्या पुढच्या ‘वेपन’ नावाच्या हाडाला टांगलेलं असतं, आणि तलवारीच्या हालचाली मनगट वळवून केलेल्या आहेत. खोबळा शस्त्राच्याच मॉडेलमध्ये घेतला की तो ताठ राहतो आणि मनगट वळतं. मग जोरदार वार करताना खोबळ्याची मागची कड दंडातून आरपार दिसते. यावर दोन उपाय. एक, खोबळा मनगटापर्यंतच आखूड करायचा. दुसरा बरा: खोबळा हातमोज्यासारखा वेगळा करायचा, अंगावर वस्तू घालायच्या ठरलेल्या जागांपैकी हात आणि पुढचा हात म्हणजे जागा 33 आणि 34 यांना बांधायचा आणि त्याचं ‘वेट’, म्हणजे तो कुठल्या हाडाबरोबर हलणार ते, पुढच्या हाताच्या हाडावर द्यायचं. शस्त्रात फक्त आडवी मूठ आणि पातं उरतं. तोटा एकच, खोबळा घातला की अंगावरचे हातमोजे निघतात.

म्हणजे शब्दाचं भांडण नुसतं शब्दाचं नव्हं, ताई. खोबळा हा मुठीचा भाग धरला तर फाईल एक, कवच धरलं तर दोन. तुम्ही कवच धरा.

शहापूर-गल्ली
दोन फायली करते. पातं किती लांब घेऊ?

निपाणी-मॉड
गेममध्ये 64 एकक म्हणजे 3 फूट. साडेतीन फुटांचं पातं हवं असेल तर साधारण 75 एकक. पण एक ध्यानात ठेवा, पातं लांब केल्यानं वार लांब जात नाही. त्यासाठी वेगळा आकडा असतो, त्याला मराठीत ‘पल्ला’ म्हणा, शब्द नेमका बसतो. तलवारीचा पल्ला 1, खंजिराचा 0.7, दोन हातांच्या तलवारीचा 1.3. पट्ट्याला 1.15 द्या. पातं लांब आणि पल्ला 1 ठेवला तर टोक समोरच्याच्या छातीतून जाताना दिसतं आणि घाव मात्र लागत नाही. लोकांना बग वाटतो, आणि बग नसतोच.

पोलादी तलवारीचा मारा 8, वजन 10, किंमत 45. त्याच्या आसपास राहा. मारा 20 केला की पहिल्याच डाकूला एका फटक्यात आडवं केलं आणि खेळ संपला.

चिकोडीकर
आमच्याकडं कन्नड बोलणारी पोरंही हे मॉड घेणार, म्हणून शब्द दोन्हीकडं चालेल का तेही बघा. खड्ग दोन्हीकडं चालतं. कत्ती म्हटलं तर कन्नडवाला लगेच ओळखतो. मूठीला कन्नडमध्ये हिडिके, म्यानाला ओरे, ढालीला गुराणी. पट्टा मात्र मराठीच राहू दे, त्याला तोडीचा शब्द नाही, आणि मराठीतच त्याला कमरेचा पट्टा आणि जमिनीचा पट्टा असे दोन सोबती आहेत. नाव पाहिजे असेल तर ‘दांडपट्टा’ पूर्ण लिहा. नुसता पट्टा लिहिला की कुणीतरी चामड्याच्या पट्ट्यांच्या यादीत शोधत बसेल.

कत्तीबाबत एक सावधगिरी. गेमच्या मेनूत देवनागरी उमटत नाही, चौकोन दिसतात, म्हणून नाव रोमन लिपीत द्यावं लागतं. तिथं शेवटचा स्वर इ ऐवजी ए झाला तर कत्ती जाऊन कत्ते होतं, आणि कन्नडमध्ये कत्ते म्हणजे गाढव. ‘पोलादी गाढव, मारा 8’ असं नाव मेनूत आलं तर मॉड गाजेल, पण दुसऱ्या कारणानं.

खानापूरकर
तीच गत ढालीची. रोमनमध्ये एच गळला की वरण. खोबळ्याचा ळ रोमनमध्ये साधा ल होऊन जातो, ते चालतंय.

निपाणी-मॉड
फॉन्टची फाईल बदलून देवनागरी घालता येते, असं कुणी सांगितलं तर नादी लागू नका. अक्षरं येतात, पण जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी जागेवर बसत नाहीत. ‘विटा’ मधली वेलांटी ‘व’ च्या मागं जाऊन पडते. माहितीच्या पानावर देवनागरीत लिहा, मेनूत रोमन ठेवा.

उद्यमबाग
पाणी देण्याबद्दल. इंग्रजी खेळाडू चाकावरच्या सुधारणेला टेंपरिंग म्हणतात, म्हणून पाणी देणं सुचणं साहजिक आहे, पण कामं वेगळी. पातं घडवून झालं की लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतात, ते पाणी देणं. ते एकदाच होतं, आणि भट्टीजवळच होतं. चाकावर आपण धार लावतो, ती पुनःपुन्हा. उलट चाकावर जोर जास्त झाला, पातं तापून निळसर पडलं की म्हणतात ‘पाणी उतरलं’, म्हणजे कडकपणा गेला. तुमच्या मॉडमध्ये चाकावर ‘पाणी द्या’ लिहिलंत तर लोहार म्हणेल, नासवता की काय पातं? ‘धार लावा’ लिहा. भट्टीवर घडवण्याच्या ठिकाणी ‘घडवा’.

दुसरं, साहित्याच्या यादीत इंगट, म्हणजे धातूचा ओतीव तुकडा, आहे. सोन्याचांदीची लगड, लोखंडाची कांब. ‘पोलादाची लगड’ वाचून सराफकट्टा डोळ्यांसमोर येतो. कांब लिहा. आणि बीड लिहू नका चुकून. बीड म्हणजे ओतीव लोखंड, फौंड्रीत साच्यात ओततात तेच. दगडावर आपटलं की तडकतं. बिडाच्या तलवारीनं लढाई होत नाही, तवा होतो.

अथणी-वादी
यादीतल्या लेदर स्ट्रिप्सना ‘वादी’ म्हणा. कोल्हापुरी चपलेत चामड्याची जी अरुंद पट्टी असते तीच वादी. अथणीत विचाराल तर कापतानाच ‘दोन वाद्या काढ’ म्हणतात. खोबळा हाताला बांधायलाही वादीच लागते, म्हणजे शब्द आणि वस्तू दोन्ही जुळली. पोलादी तलवारीला गेममध्ये 2 पोलादाच्या कांबी, 1 लोखंडाची कांब आणि 1 वादी लागते. तुमच्या दांडपट्ट्याला 3 पोलाद, 1 लोखंड, 2 वाद्या द्या, तर महाग असल्यासारखा वाटेल.

शहापूर-गल्ली
छान. जादू भरलेल्याला ‘अस्त्र’ म्हणू का? शस्त्र आणि अस्त्र अशी जोडी बरी वाटते.

खानापूरकर
नको. शस्त्र हे ‘शस्’ म्हणजे कापणे यावरून, हातात धरून चालवायचं. अस्त्र हे ‘अस्’ म्हणजे फेकणे यावरून. जादू भरली म्हणून तलवार अस्त्र होत नाही, ती हातातच असते. काठीतून आगीचा गोळा सुटतो त्या गोळ्याला अस्त्र म्हणा, काठीला नको. जादूच्या तलवारीला ‘भारलेली’ म्हणा. लिंबू भारतात, ताईत भारतात, तसं.

उद्यमबाग
भारलेली ठीक आहे, पण त्यातल्या जादूच्या साठ्याला ‘भार’ म्हणू नका. भार म्हणजे वजनही होतं, आणि विजेच्या दुकानात भार म्हणजे लोड. एकाच चौकटीत ‘वजन 10, भार 500’ वाचून माणूस चक्रावतो. वजनाला वजन, साठ्याला ‘बळ’. बळ संपलं की पुन्हा भरा.

चिकोडीकर
खंडेनवमीला आपल्याकडं पाना, छिन्नी, पक्कड सगळं पूजेत असतं आणि सगळ्याला हत्यारच म्हणतात. म्हणून मेनूतला वर्ग ‘शस्त्रे’ ठेवा. हत्यारे लिहिलं तर खाणीची कुदळ कुठं शोधायची कळणार नाही. कन्नडवाल्यांना ‘आयुध’ कळतं, कंसात द्या पाहिजे तर.

निपाणी-मॉड
अपलोड करण्यापूर्वी तीन गोष्टी बघा, तक्रारी याच येतात.

पहिलं, निफस्कोपमध्ये, म्हणजे गेमच्या मॉडेलची निफ फाईल उघडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘पीआरएन’ नावाची ओळ. तिच्यात शस्त्र म्यानात असताना कुठं लटकणार ते असतं, तलवारीला वेपनसोर्ड, खंजिराला वेपनडॅगर. पट्टा हाताच्या रेषेत असल्यानं कंबरेला लटकवला की पातं पुढं खुपसलेलं दिसतं, म्हणून पाठीचं वेपनबॅक देऊन बघा. ओळच राहिली तर शस्त्र भलतीकडं तरंगतं.

दुसरं, टेक्स्चरचा, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या रंगाच्या चित्राचा, पत्ता. ब्लेंडरमधून बाहेर काढताना तो कधी कधी तुमच्या मशीनच्या सी ड्राइव्हपासून लिहिला जातो. तुमच्याकडं बरोबर दिसतं आणि दुसऱ्याकडं सगळा पट्टा जांभळा. पत्ता ‘टेक्स्चर्स’ फोल्डरपासून सुरू व्हायला पाहिजे. आणि मॉडेलच सापडलं नाही तर लाल त्रिकोणात उद्गारचिन्ह दिसतं.

तिसरं, फर्स्ट पर्सनचं वेगळं मॉडेल. क्रिएशन किट या मॉड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये शस्त्राच्या नोंदीत ते वेगळं जोडावं लागतं. विसरलात तर लांबून पट्टा दिसतो, पण स्वतःच्या नजरेतून खेळताना हात रिकामा.

जुन्या 2011 च्या आवृत्तीची निफ फाईल तशीच 2016 च्या स्पेशल एडिशनमध्ये टाकू नका, गेम क्रॅश होऊ शकतो. ती नव्या आवृत्तीसाठी बदलून देणाऱ्या ऑप्टिमायझरमधून एकदा काढा.

शहापूर-गल्ली
ठीक. माहितीचं पान असं ठरवते: नाव ‘दांडपट्टा’, जोडीला ‘खोबळा’, तो वेगळा घालायचा. मारा 9, वजन 11, पल्ला 1.15. घडवायला 3 पोलादाच्या कांबी, 1 लोखंडाची, 2 वाद्या. चाकावर धार. मॉडेलच्या भागांना आडवी मूठ, पातं, पन्हळ.

अथणी-वादी
2 वाद्या पट्ट्याला झाल्या, ताई. खोबळा वेगळा घडवायचा असेल तर त्याच्याही लावा, नाहीतर हाताला बांधणार कशानं?

शहापूर-गल्ली
खोबळ्याला 1 लोखंडाची कांब आणि 2 वाद्या.