चोमडी, चहाडखोर, खबरी... तुम्हाला कोणता शब्द चिकटला?

पाऊलवाट
काल लेक शाळेतून आली आणि दप्तरही न काढता म्हणाली, "मला आता सगळे चोमडी म्हणतात." वर्गातल्या एका मुलाला रोज कोपऱ्यात गाठून मारायचे, ते हिने बाईंना सांगितलं. ऐकता ऐकता मी माझ्या सहावीच्या वर्गात जाऊन पोचले. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'चहाडखोर', खाली माझा हजेरी क्रमांक. डस्टर कुणी देईना. तळहाताने पुसलं, हात दिवसभर पांढरा. बाईंनी विचारलं म्हणून मी नुसती मान हलवली होती हो! तुमचे अनुभव लिहा. आणि लेकीला काय सांगू, तेही.

रानवेल
आमच्याकडे चोंबडी. मी दिसले की "आकाशवाणी आली" आणि सगळे गप्प. शब्दापेक्षा ते गप्प होणं जास्त लागायचं. लेकीला जवळ घ्या आधी.

मधली सुट्टी
होस्टेलला 'खबरी'. रेक्टरना सगळं कळायचं, म्हणून आम्ही एकाला धरलं आणि वाळीत टाकलं. चार महिने तो एकटा जेवला. पुढे कळलं, रेक्टर स्वतःच रात्री खिडकीखाली उभे राहून ऐकायचे. त्या मुलाची मी अजून माफी मागितलेली नाही.

उंबरठा२१
@मधली सुट्टी, फोन करा त्याला. आजच करा.

निळीशाई
बसमध्ये आहे, थोडक्यात लिहिते. वडील पोलिसात. मागच्या दारावर दोनदा टकटक झाली की आई पडवीतला दिवा मालवायची. कोण आलं, आम्ही विचारायचं नाही. खबऱ्याचं नाव त्यांनी घरातसुद्धा कधी घेतलं नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १२५ प्रमाणे गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसावर करता येत नसे. लोक खबऱ्यांना हसतात, मला तो अंधारात उभा राहिलेला माणूस आठवतो.

दीपमाळ
स्वतःचं वजन वाढवायला सांगतो तो चहाडखोर. दुसऱ्याला वाचवायला सांगतो तो जागल्या. मूळचा गावात रात्री पहारा देणारा, आता व्हिसलब्लोअरसाठी हाच शब्द वापरतात. अभियंता सत्येंद्र दुबे यांनी महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही केली. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेला त्यांचा गोळी घालून खून झाला. अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर व्हायला २०१४ उजाडलं. चोमडी म्हणणाऱ्यांना हे कुणी शिकवतच नाही.

उंबरठा२१
आणि बक्षिसासाठी सांगतो तो फितूर. दामोदर चाफेकरांची माहिती द्रविड बंधूंनी दिली. फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव चाफेकर आणि महादेव रानडे यांनी त्या दोघांना गोळ्या घातल्या.

रानवेल
ऑफिसातल्या कानफुक्यांवर कुणीच लिहिलं नाही! माझी एक बढती त्यात गेली. रात्री लिहिते, आत्ता मुलाचा अभ्यास.

निळीशाई
@पाऊलवाट, तो मार खाणारा मुलगा कसा आहे?

पाऊलवाट
आज हिच्या शेजारी बसला म्हणे. बाईंनी जागा बदलून दिली. लेकीला जागल्याचा अर्थ सांगितला, तर विचारते, "मुलगी असली तर काय म्हणायचं?"

मधली सुट्टी
नंबर मिळाला एका मित्राकडून. उचलला नाही. संध्याकाळी परत लावतो.