यायोई काळ नक्की कधी सुरू झाला? इ.स.पू. 300 की 900?

खापरवेडा: जपानचा प्राचीन इतिहास वाचतोय. जुन्या पुस्तकात यायोई लोकांची (जपानमध्ये भातशेती रुजवणारे ते हेच) भातशेती इ.स.पू. 300-400 पासून म्हणतात आणि हल्ली बघावं तिकडे 900-1000. नवीन काही सापडलं की नुसतं मोजमाप बदललं?

मातीतला_माणूस: मोजमाप. आधी भांड्यांची घडण आणि चीन-कोरियाकडून आलेल्या ब्राँझच्या वस्तू यांवरून तारखा लावायचे. 2003 मध्ये तिथल्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या टीमने क्यूशूच्या (जपानचं दक्षिणेकडचं बेट) भांड्यांवरची काजळी आणि आत करपलेलं अन्न खरवडून कार्बन डेटिंग (उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणं) केलं. आपल्या पातेल्याला भात लागतो ना, तेच, फक्त तीन हजार वर्षं कोणी घासलं नाही :) उत्तर आलं इ.स.पू. दहावं शतक आणि मग जी भांडणं लागली! विरोधक म्हणाले मासे शिजवले असतील तर समुद्रातला जुना कार्बन येतो आणि तारीख उगाच मागे जाते. मुद्दा फालतू नाहीये. आणि हे उत्तर क्यूशूचं हं, भातशेती पूर्वेकडे तोक्योच्या बाजूला पोचायला पुढे काही शतकं गेली.

खाचर_बांध: तारखा राहूद्या, क्यूशूतल्या फुकुओका शहरातलं इताझुके हे उत्खननाचं ठिकाण बघा. बांध, पाट, पाणी अडवायची सोय आणि चिखलात उमटलेले पाय सुद्धा. म्हणजे कोरियाकडून जे आले ते शेती शिकूनच आले. कापणीला अर्धचंद्राकृती दगडी पातं, दोन भोकं, त्यात दोरी ओवून बोटात अडकवायची. आम्ही कोकणात विळ्याने बुडातून कापतो, हे नुसत्या लोंब्या खुडायचे, कारण सगळं भात एकदम पिकायचं नाही.

घोडकाठ: थोडं अवांतर. सागा प्रांतातल्या योशिनोगारीला दोन मोठे रांजण तोंडाला तोंड लावून आत माणूस पुरलाय, एकात तर मुंडकंच नाही. मला आपलं पुणे जिल्ह्यातलं इनामगावचं उत्खनन आठवलं, तिथे लहान मुलं अशीच दोन मडक्यांत. संबंध काही नाही अर्थात.

खापरवेडा: भारी. पण काजळी बाहेरची असेल तर माशांचा प्रश्न कुठे येतो, ती चुलीतल्या लाकडाची ना?

मातीतला_माणूस: उतू गेलेलं बाहेर ओघळतंच की. आणि जुन्या झाडाचं लाकूड जाळलं तर त्याचाही कार्बन जुनाच. त्यात इ.स.पू. 800 ते 400 मध्ये कॅलिब्रेशनचा कर्व्ह (कार्बनच्या मोजमापावरून खरं वर्ष काढायचा आलेख) जवळपास सपाट आहे, त्या पट्ट्यात अडकलात की नेमकं शतक सांगणं अवघड.