पाण्याची वाफ?
ई-सिगारेटबद्दल (म्हणजे व्हेपबद्दल) ‘त्यात नुसती पाण्याची वाफ असते, सिगारेटसारखा धूर नसतो’ असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. धूर नसतो हे मान्य. परंतु तिच्यातल्या तापलेल्या तारेवरून उठते ती प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन या द्रवांची, बहुधा निकोटीन मिसळलेली वाफ. आणखी एक मुद्दा असा की, अनेक नव्या उपकरणांत निकोटीन बेन्झोइक आम्लाच्या जोडीने क्षाररूपात वापरतात, त्यामुळे घशाला फारसा ठसका लागत नाही आणि पहिल्याच झुरक्याला खोकून मुलगा थांबेल, हा जुना अडसर जवळजवळ उरत नाही.

भाच्याच्या दप्तरातली अशी एक ई-सिगारेट मी हायलायटर समजून तिचे टोपण शोधत बसलो होतो. वास पिकलेल्या आंब्याचा. २०१९ च्या कायद्याने भारतात तिची विक्रीच काय, साठवणूकही गुन्हा आहे. त्याला मात्र ती शिकवणीच्या वर्गाखालीच मिळाली होती.